पाचवीच्या वर्गात ज्ञानरचनावाद : अपूर्णांकाचे चार दिवस

"बाई, चार मोठे ना तीनपेक्षा? मग १/३पेक्षा १/४ मोठा." पाचवीचा वर्ग हातात घेतला की दरवर्षी हे वाक्य ऐकू येतं, आणि निम्म्याहून जास्त वर्ग त्याला माना डोलावतो. चौथीत अपूर्णांक झालेले असतात. गोल काढून, भाग पाडून, रंगवून झालेले असतात. चाचणीत गुणही मिळालेले असतात. तरी १/४ मोठा.

ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतःच रचतं हा विचार, समजायला मला हे एक वाक्य पुरलं. चार तीनपेक्षा मोठे, हे त्या मुलाला पहिलीपासून आपणच शिकवलंय. नवं काही ऐकलं की ते मूल या जुन्या समजुतीच्या खुंटीला अडकवून ठेवतं. मानसशास्त्रज्ञ पियाजेचं म्हणणं थोडक्यात असं, की जुन्या चौकटीत बसतंय तोवर मूल चौकट बदलत नाही. बसेनासं झालं की मगच ती मोडून नवी बांधतं. म्हणजे शिक्षकाची कामं दोन. आत कोणती चौकट आहे ते शोधायचं, आणि ती अडेल असा प्रसंग उभा करायचा. बाकी सगळं या दोन कामांच्या सोयीसाठी.

हे मुद्दाम सांगायचं कारण, आपल्याकडे ज्ञानरचनावाद म्हटलं की डोळ्यांसमोर आकडे-अक्षरांनी रंगवलेली वर्गाची फरशी येते. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं हा विचार मांडला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९मध्ये कृती, शोध यांतून शिकण्याची भाषा आली. मग २२ जून २०१५च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या राज्याच्या गुणवत्ता कार्यक्रमाच्या शासन निर्णयानंतर गावोगाव रचनावादाची लाट आली. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. तिथे मुलं काय करतात, काय बोलतात हे ज्यांनी टिपलं त्यांचा फायदा झाला. बऱ्याच जणांनी फरशीचे फोटो काढून आणले आणि पेंटरला बोलावलं. आमच्याही शाळेत एक उन्हाळा रंगकामात गेला. वर्गणी आम्हीच काढली होती, म्हणून दोष कुणाला देत नाही. फरशीवरच्या चौकटीत उड्या मारत मुलं शंभरपर्यंत आकडे म्हणत होती आणि ४२मधले चार म्हणजे किती, तर 'चार'च सांगत होती.

तेव्हा फरशी राहू द्या. मी पाचवीत अपूर्णांकांच्या तुलनेचे चार दिवस कसे घेते ते सांगते. पट ३१, तासिका साधारण ३५-४० मिनिटांची, खर्च शून्य.

आदल्या दिवशी : चिठ्ठी

शाळा सुटायच्या आधी पाच मिनिटं. पाठकोऱ्या कागदाचे तुकडे वाटायचे. फळ्यावर एकच प्रश्न : १/३ आणि १/४ यांत मोठा कोणता? का? चित्र काढलं तरी चालेल.

'का' सोडू नका. तेवढा एक शब्द गाळलात तर चिठ्ठीचा उपयोग शून्य. उत्तर बरोबर आणि कारण चूक, अशी मुलं सगळ्यात फसवी. आपण बरोबरची खूण करून पुढे जातो आणि ती समजूत पक्की होते.

घरी चिठ्ठ्यांचे गठ्ठे करते. साधारण चार होतात. पहिल्यात 'चार मोठे म्हणून १/४'. दुसऱ्यात 'जास्त जणांत वाटलं की वाटा कमी', म्हणजे गाडी रुळावर आहे. तिसऱ्यात 'अपूर्णांकात उलटं असतं, लहान आकडा तो मोठा'. हे मूल आज बरोबर ठरतं आणि २/३ व ३/४ दिले की आपटतं. चौथ्यात चित्र काढलंय, पण भाग असमान आहेत. गोलाचे तीन भाग काढायला सांगितले तर दोन उभ्या रेघा मारलेल्या असतात आणि मधला भाग फुगलेला. अशा मुलाला तुलना शिकवून काहीच होणार नाही. त्याचं अडलंय 'समान' या शब्दापाशी.

कोऱ्या चिठ्ठ्याही येतात. त्या मुलांना परिपाठानंतर बाजूला घेऊन तोंडी विचारायचं. बऱ्याचदा उत्तर येत असतं, फक्त लिहायचा कंटाळा असतो.

गठ्ठे बघूनच गट पाडते. 'हुशार, मध्यम, कच्चे' असे नाही, तर वेगवेगळ्या समजुतीची मुलं एकत्र येतील असे. सगळ्यांचं एकमत असलेल्या गटात बोलण्यासारखं काही उरत नाही. एका गटात चारच मुलं. पाचवा आला की एक जण खिडकीबाहेर बघायला मोकळा होतो. माझ्या वर्गात चाराचे सात आणि तिघांचा एक, असे आठ गट होतात.

पहिला दिवस : दोन पंगती

साहित्य म्हणून कागदाच्या पट्ट्या. लांबी बरोबर २४ सेंमी, रुंदी अंदाजे ३. चोवीसच का? २, ३, ४, ६, ८, १२ या सगळ्यांनी त्याचे भाग पडतात, म्हणून पुढे मोजपट्टी लावली की आकडे नीट येतात. हे मुलांना आत्ताच सांगायचं नाही. ए-४ कागद रुंदीत सात पट्ट्या देतो. गटाला पाच पट्ट्या हव्यात, चुकल्या तर दोन जास्तीच्या. आठ-नऊ पाठकोरे कागद पुरतात.

गोल का नाही? गोलाचे समान तीन भाग करणं मोठ्यांनाही जमत नाही. मूल भागाकारात नाही, कात्रीत अडकतं. पट्टी मात्र पत्राच्या घडीसारखी तिघडी होते. "ही चौकोनी भाकरी" म्हटलं की वर्ग हसतो आणि मान्य करतो.

एका वर्षी मी खऱ्या भाकरी नेल्या होत्या. ज्वारीच्या भाकरीचे बरोबर चार तुकडे करायचा प्रयत्न वर्गासमोर करून बघा एकदा. चुरा झाला, "बाई, त्याचा मोठा" यावर भांडण झालं, आणि सकाळी न खाता आलेली दोन मुलं तुकड्यांकडे बघत राहिली. ते बघून मला गणित सुचेना. खाण्याच्या वस्तू घेऊन हिशेब शिकवायचा नाही, हे मी त्या दिवशी ठरवलं.

प्रश्न असा देते :

*एका पंगतीत ३ भाकरी, जेवणारे ४. दुसऱ्या पंगतीत २ भाकरी, जेवणारे ३. वाटणी सगळ्यांना सारखी आणि भाकरी उरवायची नाही. भूक लागली असेल तर तुम्ही कोणत्या पंगतीला बसाल?*

अपूर्णांक हा शब्द मी उच्चारत नाही. आकडे मात्र खूप निवडून घेतलेत. २/३ आणि ३/४ यांत 'मोठा आकडा तो मोठा' ही समजूत चुकून बरोबर उत्तर देते, 'लहान आकडा तो मोठा' ही चूक देते, आणि एक तिसरीच समजूत वर येते : "दोन्हीकडे एक-एक भाकरी कमी आहे, म्हणजे सारखंच." तीनही मतं वर्गात असली की वाद आपोआप रंगतो.

आधी तीन मिनिटं प्रत्येकानं एकट्यानं, गप्प राहून वहीत चित्र काढायचं. यात कुणालाच सूट नाही. थेट गटात सोडलं तर मोठ्या आवाजाचं मूल बोलतं आणि बाकीचे त्याचं उतरवून घेतात. त्याला गटकार्य म्हणता येणार नाही. मग गटात पट्ट्या.

चार जणांत तीन भाकरींची वाटणी मुलं दोन तऱ्हांनी करतात. एक : प्रत्येक भाकरीचे चार तुकडे, प्रत्येकाला तीन. दुसरी : दोन भाकरी अर्ध्या-अर्ध्या, तिसरीचे चार. म्हणजे एकेकाला अर्धी आणि पाव. इथे कुणीतरी म्हणतंच, "अर्धा आणि पाव म्हणजे पाऊण!" तो शब्द घरातून आलेला असतो, दुकानातून, घड्याळातून आलेला असतो. मी फळ्याच्या कोपऱ्यात तेवढाच लिहून ठेवते.

दुसऱ्या पंगतीत गंमत असते. मागच्या वर्षी एका गटानं दोन भाकरींचे चार अर्धे केले, तिघांना एकेक दिला आणि एक अर्धा उरला.

"हा खिचडीवाल्या मावशींना देऊ," एक मुलगा म्हणाला.

"मावशी जेवून आल्यात," मी म्हटलं आणि तिथून हलले.

परत आले तेव्हा त्या अर्ध्याचे तीन तुकडे झाले होते आणि वाद पुढे गेला होता. या तुकड्याला म्हणायचं काय? मुलगा म्हणत होता, "अर्ध्याचा तिसरा." त्याच्या शेजारची मुलगी एरवी बोलत नाही. तिनं तो तुकडा उचलला आणि एका अखंड पट्टीवर ठेवत गेली. एक, दोन, तीन... सहा. "सहा मावतात. सहावा हिस्सा आहे हा." मग सगळ्यांनी दोन्ही पंगतींचे वाटे शेजारी ठेवले. इकडे अर्धी आणि पाव, तिकडे अर्धी आणि सहावा हिस्सा. अर्धी दोन्हीकडे आहे, ती सोडून द्या. पाव मोठा की सहावा हिस्सा?

समच्छेद नाही, तिरकस गुणाकार नाही, आणि ३/४ हा २/३पेक्षा मोठा हे नुसतं कळलं असं नाही, *का* मोठा तेही सांगता आलं. 'सहावा हिस्सा' हे शब्द माझ्या ओठांवर येऊन थांबले होते. तेव्हा बोलले असते तर त्या मुलीचा तो क्षण मी खाल्ला असता.

त्या वेळात शिक्षकानं काय बोलायचं

या पद्धतीत सगळ्यात अवघड भाग हा. शिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांब होतात आणि जास्त मुलं बोलतात. मी मनात पाच आकडे मोजते. पहिल्या आठवड्यात ते पाच आकडे फार लांब वाटतात.

माझी ठरलेली वाक्यं चारच : "कसं कळलं?" "पट्टीवर दाखव बरं." "तिनं काय म्हटलं ते तुझ्या शब्दांत सांग." आणि "हे पटलं नाही असं कोण आहे?" शेवटचं वाक्य बरोबर उत्तर आल्यावरही विचारायचं. ते फक्त चूक उत्तराला विचारलं, तर दोन दिवसांत मुलं ओळखतात की बाईंनी विचारलं म्हणजे आपलं चुकलं.

"बरोबर!" हा शब्द मात्र जपून. ज्या क्षणी तो तोंडातून जातो, त्या क्षणी वर्ग विचार करायचं थांबतो. पहिल्या वर्षी मी दुसऱ्याच मिनिटाला "शाब्बास, बरोबर" म्हटलं आणि बाकीच्या सात गटांनी हातातल्या पट्ट्या खाली ठेवल्या.

अडलेल्या गटाला मदत करायचीच. मानसशास्त्रज्ञ व्हिगोट्स्कीनं सांगितलेलं समीप विकासाचं क्षेत्र म्हणजे आज जे मदतीनं जमतं आणि उद्या एकट्यानं जमेल तो पट्टा. वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९७६मध्ये अशा मदतीला बांधकामावरच्या परांचीची उपमा दिली. भिंत उभी राहिली की परांची उतरवतात, हे त्यातलं महत्त्वाचं. तिसरे भाग पडत नसतील तर मी एक पट्टी तिघडी करून दाखवते, बाकीच्या त्यांनी करायच्या. पुढच्या वेळी नुसतं "पत्राची घडी आठव" म्हणते. त्यापुढे काहीच नाही.

दुसरा दिवस : फळ्यासमोर

गटांना फळ्याकडे बोलवायचं, पण हात वर केला त्या क्रमानं नाही. आदल्या दिवशी फिरताना मी कागदावर नोंद ठेवलेली असते, क्रम त्यावरून ठरतो. आधी साध्या तऱ्हेनं वाटणारे, मग 'एक-एक कमी म्हणून सारखंच' म्हणणारे, शेवटी अर्धी-सहाव्याचा गट. सगळ्यात सुंदर रीत आधी आली तर नंतर कुणी तोंड उघडत नाही. फळ्यावर 'पहिली रीत, दुसरी रीत' असं लिहायचं. 'चूक रीत' असं कधी लिहायचं नाही, पण चूक तशीच सोडूनही द्यायची नाही.

'सारखंच' म्हणणाऱ्यांना मी विचारते, "एका पंगतीत भाकरी १, जेवणारे २. दुसरीत भाकरी ९९, जेवणारे १००. दोन्हीकडे एकच कमी. कुठे बसाल?" वर्गात हशा पिकतो आणि ती समजूत तिथेच गळून पडते. मी एक शब्दही समजावलेला नसतो.

तिसरा दिवस : आता सांगायचं

ज्ञानरचनावादाविषयीचा सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे शिक्षकानं काहीच सांगायचं नाही. माझं स्वतःचं एक वर्ष यात वाया गेलं आहे. तीन दिवस पट्ट्या, चर्चा, टाळ्या. चौथ्या दिवशी वहीत ३/४ लिहा म्हटलं तर कुणी ४/३ लिहिलं, कुणी 'पाऊन'. एका मुलाचे वडील येऊन म्हणाले, "बाई, तुम्ही शिकवत नाही, नुसते कागद कापायला लावता." राग आला, पण माणूस अर्धा बरोबर होता.

पियाजेनं ज्ञानाचे तीन प्रकार सांगितले : वस्तू हाताळून कळणारं, मनात संबंध जोडून उमजणारं, आणि समाजानं ठरवलेलं. जास्त जणांत वाटलं की वाटा लहान होतो, हा संबंध. तो मुलानंच जोडायला हवा. पण रेघेखालच्या आकड्याला छेद म्हणतात आणि वरच्याला अंश, हे कुणीतरी ठरवलेलं आहे. शंभर वर्षं पट्ट्या कापल्या तरी ते 'शोधून' सापडणार नाही. ते सरळ सांगायचं, फळ्यावर लिहायचं, वहीत उतरवून घ्यायचं. नवशिक्याला फार कमी मार्गदर्शन दिलं तर तो शिकत नाही, ही किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण संशोधकांची २००६मधली टीका मला या बाबतीत पटते.

म्हणून तिसऱ्या दिवशी मी चक्क शिकवते. फळ्याच्या कोपऱ्यातला 'पाऊण' शब्द घेते आणि समोर ३/४ लिहिते. 'अर्धी' समोर १/२, 'पाव' समोर १/४. कुणीतरी "वडापावचा पाव?" विचारतंच, तेही होऊन जातं. मग मोजपट्टी. पाऊण पट्टी १८ सेंमी, २/३ पट्टी १६. आता समच्छेद काढायची रीत दाखवायची आणि ती चोविसाच्या पट्टीशी जोडायची : १८/२४ आणि १६/२४. रीत आता परकी राहत नाही. पुस्तकातली सोडवलेली उदाहरणंही याच दिवशी. ब्रूनरचा वस्तू, चित्र, चिन्ह हा क्रम मी पाळते, पण चित्रावर घाई करत नाही. वस्तूवरून थेट चिन्हावर उडी मारली की पट्ट्या एका जगात राहतात आणि आकडे दुसऱ्या.

घरचा अभ्यास एकच : आजी-आजोबांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांतलं काय येतं ते विचारून यायचं. हे अपूर्णांकांचे पाढे आपल्याकडे पाठ असायचे. औटकी म्हणजे साडेतीनची, हे मुलांना सांगून बघा, डोळे मोठे होतात. दुसऱ्या दिवशी मुलं सव्वाशे, दीडशे, पाऊणशे घेऊन येतात. पाऊणशे म्हणजे पंचाहत्तर का, हे सोडवण्यात दहा मिनिटं मजेत जातात. इंग्रजी माध्यमाच्या वर्गातही मराठी मुलं असतील तर हा धागा सोडू नका. ज्याला पाव किलो म्हणजे अडीचशे ग्रॅम हे दुकानात कळतं आणि १/४ वहीत कळत नाही, त्याचं अडलंय भाषांतरापाशी.

चौथा दिवस : सराव, चिठ्ठी, नोंद

सराव हवाच. दहा-बारा उदाहरणं, एकट्यानं, शांतपणे. शेवटी पुन्हा चिठ्ठी, पण प्रश्न वेगळा : ५/६ आणि ७/८ यांत मोठा कोणता? का? ज्याला रीत आली तो २०/२४ आणि २१/२४ करतो. ज्याला उमजलं तो कधीकधी लिहितो, "सहाव्यापेक्षा आठवा तुकडा लहान, तेवढाच कमी आहे, म्हणून ७/८." दोन्ही बरोबर. पण वर्णनात्मक नोंदीत दोघांचं एकच वाक्य येऊ नये. 'गणितात चांगली प्रगती आहे' या नोंदीतून पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला काहीच कळत नाही. मी लिहिते : 'पूर्णापासून किती कमी यावरून तुलना करते.' 'समच्छेद काढतो, चित्रानं पडताळा देता येत नाही.' 'समान भाग पाडण्यात मदत लागते.' केंद्रप्रमुखांनी विचारलं तर दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून दाखवता येतात, वेगळी फाइल रंगवावी लागत नाही.

पट मोठा, वेळ कमी

साठ मुलांच्या वर्गात बाकं हलवू नका. बाकावरची जोडी हाच गट. "शेजाऱ्याला सांग", दोन मिनिटं, मग कुणालाही उभं करून "तुझा शेजारी काय म्हणाला?" असं विचारायचं. ऐकायची सवय लावायला याच्याइतकं स्वस्त साधन नाही. द्विशिक्षकी शाळेत चौथी-पाचवी एकत्र असतील तर पंगतीचा प्रश्न दोघांना एकच द्या. चौथीनं पट्ट्यांवर थांबायचं, पाचवीनं चिन्हांपर्यंत जायचं.

वेळेचं खरं सांगायचं तर पुस्तकात हा भाग एक-दोन तासांचा आहे आणि मी चार घेते. म्हणून सगळे पाठ असे घेत नाही, घेऊही नयेत. रोमन संख्याचिन्हं म्हणजे निव्वळ ठरवलेलं ज्ञान. एका तासात सांगायची, सराव द्यायचा, पुढे. चार दिवस द्यायचे ते स्थानिक किंमत, अपूर्णांक, क्षेत्रफळ यांना, जिथे मुलाची जुनी समजूत नव्या गोष्टीच्या आड येते. परिसर अभ्यासातही हाच निकष : डबक्यातलं पाणी कुठे गेलं, चंद्र लहानमोठा का दिसतो. या प्रश्नांची मुलांकडे स्वतःची ठाम उत्तरं असतात.

चिठ्ठीसाठी जोड्या

वर्षभर आठवड्याला एक याप्रमाणे मी अशा जोड्या वापरते. प्रत्येकीत एकेक सापळा आहे. १/५ आणि १/८ : छेदाच्या आकड्याला भुलणारे सापडतात. ३/७ आणि ५/७ : सोपी, पण 'उलटं असतं' म्हणणारे इथे घसरतात. ४/९ आणि ५/८ : अर्ध्यापेक्षा कमी की जास्त, एवढं बघितलं तरी पुरतं, आणि ते किती जणांना सुचतं ते कळतं. २/४ आणि ३/६ : दोन्ही अर्धेच, तरी भांडण हमखास. शेवटी ५/४ आणि ७/८. ही मी फेब्रुवारीत देते. "चारातले पाच कसे घेणार, बाई?" हा प्रश्न आला की पट्ट्यांचा गठ्ठा पुन्हा कपाटातून काढायचा.